वधूपक्षाच्या खोलीची किल्ली

सोलापुरात उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही, तो फ्लेक्सवर येतो. परीक्षेचा शेवटचा पेपर अजून व्हायचा असतो, कडुलिंबाचा फुलोरा रस्त्यावर नुकता सांडायला लागलेला असतो, आणि एका सकाळी दूध आणायला बाहेर पडावं तर विजेच्या प्रत्येक खांबावर एकेक मूल चढलेलं. कुणी बॅट उगारलेलं, कुणी चाकांचे बूट घालून वाकलेलं, कुणी नुसतंच मूठ आवळून शहराकडे रागाने बघणारं. खाली लिहिलेलं असतं, 'भव्य उन्हाळी क्रीडा शिबिर'. भव्य नसलेलं शिबिर मी सोलापुरात आजवर पाहिलेलं नाही. गच्चीवर पाच-सहा पोरं उड्या मारत असली तरी ते भव्यच.

यंदाही फ्लेक्स लागले. काल नवी पेठेतून येताना रिक्षावाला एका खांबाकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, आमच्या पोराला बी घातलंय. घरात बसून डोकं खातंय नुसतं." मी हसले, पण माझा घसा कोरडा पडला. दरवर्षी पडतो. ते फ्लेक्स दिसले की मला तो एक उन्हाळा आठवतो, ज्या उन्हाळ्यात सरकारने मला खेळ तपासायला पाठवलं होतं.

मला, म्हणजे मुलींच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला. खेळाशी माझा संबंध इतकाच की स्नेहसंमेलनातल्या लिंबू-चमच्याच्या शर्यतीत पहिलं लिंबू माझं पडतं. झालं होतं असं, की कुठल्याशा गावी एका खाजगी शिबिरात मुलं उन्हाने चक्कर येऊन पडली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, सरकारला जाग आली, आणि जाग आल्यावर सरकार जे करतं ते त्याने केलं. समिती नेमली. गावोगावच्या खाजगी क्रीडा अकादम्या तपासायच्या. प्रशिक्षक शिकलेला आहे का, मैदान पुरेसं आहे का, सावली, पाणी, स्वच्छतागृह, औषधाची पेटी आहे का. नसेल तर कुलूप ठोकायचं. समितीत क्रीडा खात्याचा अधिकारी, एक डॉक्टर आणि एक महिला सदस्य हवी होती. आमच्या शाळेच्या खेळाच्या बाईंचं नाव आलं, तर त्या भाचीच्या लग्नाला निघून गेलेल्या. मुख्याध्यापिकांनी स्टाफरूममधून नजर फिरवली. मी मान खाली घालून पेपर तपासत होते. मान खाली घातलेला माणूस सरकारी कामाला बरा, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

घरी कुरडयांचा गहू भिजत पडला होता. हे म्हणाले, "जा की. फुकट मॅच बघायला मिळंल." कुरडयांना हात लावावा लागणार नाही, असा त्यांचा समज झाला होता. तो दुसऱ्याच दिवशी दूर झाला.

क्रीडा खात्याचे कदम साहेब निवृत्तीला टेकलेले होते. पांढरी मिशी, तरुणपणी कबड्डी खेळून वाकडं झालेलं बोट, आणि नियमांवर अशी श्रद्धा की रिकाम्या चौकातसुद्धा लाल दिव्याला थांबायचे. सोलापुरात असं कुणी थांबलं की मागचे लोक गाडी बंद पडली समजून ढकलायला उतरतात. डॉक्टर सदस्य मला अखेरपर्यंत दिसले नाहीत, पण फोनवर नेहमी "निघालोच" म्हणायचे. खात्याची जीप कुणा पाहुण्यांच्या दिमतीला गेलेली. तेव्हा समिती म्हणजे कदम साहेबांची स्कूटर; पुढे साहेब, मागे मी आणि मध्ये त्यांची रेक्झिनची पिशवी. पिशवीत मोजायची टेप, सुतळी, पितळी शिक्का आणि सील ठोकायला लाखेच्या कांड्या.

भल्या पहाटेचं सोलापूर मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगणात नुकताच सडा पडलेला, पूर्व भागातून मागांची खटखट येत असायची, कुठेतरी भाकरी थापल्याचा आवाज, कुठेतरी शेंगा भाजल्याचा वास. वारा इतका गार की वाटावं, उन्हाळ्याची उगीच बदनामी झाली आहे. तासाभराने तोच वारा कानाशी येऊन कढत व्हायचा, आणि बदनामी कमीच झाली आहे असं वाटायचं.

काय काय पाहिलं. चादरींच्या गोदामात बॅडमिंटन पाहिलं. फूल गठ्ठ्यांमागे पडलं की खेळाडू आणि हमाल दोघे मिळून शोधायचे. गच्चीवरची धनुर्विद्या पाहिली, जिच्या शेजारच्या गच्चीवर कुणीही पापड वाळत घालत नव्हतं. एका ठिकाणी पोहण्याचं शिबिर होतं. तलाव पुढच्या वर्षी व्हायचा होता, तोवर मुलं सतरंजीवर पालथी पडून हात मारत होती. कदम साहेबांनी टेप हातात घेऊन विचारलं, "पाण्याची खोली किती?" तिथले सर न डगमगता म्हणाले, "साहेब, सध्या थिअरी चाललीय."

आणि सत्कार. सोलापुरात पाहुणा दारातून आत आला की त्याच्या खांद्यावर टॉवेल आणि हातात नारळ पडतोच. तो चोर आहे का जावई, हे मागाहून ठरतं. कदम साहेब सांगायचे की आम्हाला भेट घेता येत नाही. पण सत्कार नाकारणं म्हणजे समोरच्याच्या आजोबांपर्यंत पोचणारा अपमान. शेवटी तोड निघाली ती अशी, की टॉवेल साहेबांच्या खांद्यावर टाकायचा, फोटो काढायचा, तोच काढून माझ्या खांद्यावर टाकायचा, फोटो काढायचा, आणि टॉवेल संस्थेला परत. एका ठिकाणी तर टॉवेल ओळखीचा वाटला. आदल्या दिवशीच्या अकादमीत तोच होता. दोन्हीकडचे सर मेहुणे निघाले.

हसायला यायचं, पण स्कूटरवर मागे बसून मी विचारही करत असे. आमच्या लहानपणी खेळाला शिट्टी नव्हती. आई झोपली की बाहेर पडायचं, दुपारभर आट्यापाट्या खेळायच्या आणि परत आल्यावर मार खायचा. आता आईच मुलाला बूट घालून, टोपी घालून गाडीवरून सोडून येते. खेळ शहाणा झाला, पण बिचारा एकटा कुठे जात नाही. त्याच्या मागे प्रशिक्षक आणि प्रशिक्षकाच्या मागे सरकार. सरकारच्या मागे स्कूटरवर मी.

शहराबाहेर, कुंभारीच्या रस्त्याला एक मंगल कार्यालय आहे. नाव सांगत नाही, मालक शोधत शोधत आमच्या नात्यात निघतील. लग्नाची तिथी नसेल तेव्हा त्याच्या लॉनवर गणेश सरांची क्रिकेट अकादमी भरायची. वेगवान गोलंदाज 'शुभविवाह' लिहिलेल्या कमानीखालून धावत यायचे. यष्टिरक्षक स्टेजकडे पाठ करून उभा, आणि स्टेजवर वधूवरांच्या मखमली खुर्च्या. चेंडू खुर्चीला लागला तर चौकार, खुर्चीत जाऊन बसला तर षटकार, असा तिथला नियम होता.

आम्ही पोचलो तेव्हा गणेश सर पलीकडच्या टोकाला जाळी बांधत होते. सामोरे आले ते कार्यालयाचे व्यवस्थापक मल्लप्पा. अक्कलकोटकडचे, 'या'ला कानडीत 'बर्री' म्हणणारे, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरंशुभ्र धोतर. त्यांनी काय पाहिलं? स्कूटरवरून एक पन्नाशीचं जोडपं उतरलं. बाई काठापदराच्या साडीत, कारण मला तिथून परस्पर एका बारशाला जायचं होतं. बाप्याने उतरल्या उतरल्या टेप काढली आणि लॉन मोजायला घेतलं. वैशाखात मंगल कार्यालयात टेप घेऊन येणारी माणसं कोण असतात? मांडव मोजायला आलेले नवरीचे आईबाप. यात मल्लप्पांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

"बर्री ताई, बर्री. या की हितं सावलीला," ते म्हणाले. "मालकांना मोजू द्या निवांत. नवरीच्या बापाला मोजल्याबिगर झोप लागत न्हाय."

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. मी दचकून बघितलं, तर कदम साहेब गवतावर गुडघे टेकून एकाग्रतेने टेप धरून होते. मी तोंड उघडलं, पण मल्लप्पांनी बोलायला फट ठेवली नाही. ते कार्यालय दाखवायला लागले, आणि गिऱ्हाइकापासून काही लपवायचं नाही हा त्यांचा बाणा.

"ही पोरं दिसत्यात त्येची काळजी करू नगा. लग्नादिशी समदी पार्किंगात."

"तिथे ऊन नाही लागत?"

"लागतंय की. पन वऱ्हाडाला न्हाय लागत."

"कुणाला लागलं-खुपलं तर औषध वगैरे?"

"स्वयंपाकघरात हळद हाय की पोतंभर."

"आणि हे शिकवणारे सर?"

"गणेश व्हय? लई गुणी पोरगं. पंगतीला वाढपी कमी पडले तर त्योच हुबा ऱ्हातो."

एकेका अकादमीत कदम साहेबांना जे तासभर उलटतपासणी करूनही कळायचं नाही, ते मला सावलीला बसून, ताक पीत कळत होतं. मग मी विचारलं, "बायकांसाठी बाथरूम?"

"वधूपक्षाची खोली हाय की. आरसा, पंखा, बाथरूम, समदं आत. पर तिला कुलूप असतंय. आरसा फुटला तर मालक माजं कातडं काढतील. लग्नाबिगर ती खोली उघडत न्हाय."

"मग पोरांबरोबर खेळणाऱ्या या मुली कुठे जातात?"

पोरांचा प्रश्न नव्हता, भिंतीमागे सगळं रान मोकळं होतं. मुलींचं मात्र मल्लप्पांना सुचेना. "काय की, ताई," ते म्हणाले. "कदी इचारल्याच न्हाईत."

तेवढ्यात सुट्टीची शिट्टी झाली. पाण्याचं पिंप होतं, झाकलेलं होतं, पेला साखळीने बांधलेला होता. कदम साहेबांनी लांबूनच पाहून नमुन्याच्या कागदावर पाण्यापुढे बरोबरची खूण केलेली मी पाहिली. पोरं पिंपाभोवती तुटून पडली. मुली भिंतीजवळ आल्या, जिथे त्यांच्या बाटल्या रांगेत ठेवल्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. एकेकीने बाटली उघडली, चूळ भरली, थुंकली आणि झाकण लावलं.

त्यात एक उंच मुलगी होती, लावण्या. पूर्व भागातल्या विणकर घरची. थोड्या वेळापूर्वी तीच कमानीखालून धावत आली होती आणि तिच्या चेंडूने यष्टी उडून स्टेजच्या पायरीपर्यंत गेली होती. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही, पण ती धावताना मी ताक प्यायची थांबले होते, हे खरं. जवळून पाहिलं तर तिच्या ओठांवर पांढरा पापुद्रा होता.

"पाणी पी की गं," मी म्हटलं.

"तहान न्हाई, मॅडम."

"बाटली तर गळ्यापर्यंत भरलेली आहे."

"आई भरून देती. न्यायचीच म्हणती."

"आणि परत नेऊन काय करतेस?"

"तुळशीला घालते," ती म्हणाली आणि हसली.

मला राग आला. तिचा नव्हे, गणेश सरांचाही नव्हे. आमच्या शाळेतही मुली भरलेल्या बाटल्या आणतात आणि भरलेल्या घरी नेतात, आणि मी वर्गात पाण्यावरच्या कविता शिकवते. मीही मुलगी होते. प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी मला येत होतं. रणरणत्या उन्हात पळणाऱ्या पोरीला तहान नसते, हे सरकारी कागदावर खपून जाईल, माझ्यासमोर कसं खपावं?

मी उठून कदम साहेबांना गाठलं आणि मल्लप्पांनी जे जे सांगितलं ते ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, मग हे बंदच करावं लागेल," ते म्हणाले. "नियमाने एकही गोष्ट बसत नाही."

एव्हाना गणेश सरांना आम्ही कोण ते कळलं होतं. ते टोपी हातात घेऊन धावत आले. "सायेब, मालकाला सांगून सांगून थकलो हो. गवत भाड्यानं दिलंय, खोली न्हाई, म्हणतेत. मी काय करू?" त्यांच्या मागे लावण्या येऊन उभी राहिली होती. ती सरांशी नाही, माझ्याशी बोलली.

"बंद करू नका, मॅडम. घरात आधीच म्हणालेत, पोरीच्या जातीला काय करायचंय उन्हात. बंद झालं तर परत सोडायचे न्हाईत. मला पाणी लागत न्हाई, खरंच लागत न्हाई."

कदम साहेब मिशीवरून हात फिरवत राहिले. मग कर्तव्य म्हणून त्यांनी पिशवी उघडली आणि आत हात घातला, तो हात बाहेर येईना. लाखेच्या कांड्या उन्हाने वितळून टेपचं डबडं, सुतळी आणि पिशवीचं अस्तर यांचा एक गोळा झाला होता. सरकारने त्या मोहिमेतलं पहिलं पक्कं सील स्वतःच्याच पिशवीला ठोकलं होतं. लावण्याला अशातही हसू फुटलं, आणि मग गणेश सरांना, आणि शेवटी बोटं सोडवत साहेबांनाही.

"साहेब," मी म्हटलं, "सील राहू द्या. ते कुलूप उघडायला सांगता येणार नाही का?"

"मॅडम, बंद करायचा अधिकार आहे, उघडायचा नाही. मालकाला पत्र द्यावं लागेल, उत्तराला मुदत, मग स्मरणपत्र."

"तोवर?"

"तोवर पावसाळा," ते खिन्नपणे म्हणाले.

मी मल्लप्पांकडे गेले. ते आमच्यासाठी आणखी ताक घेऊन येत होते. पदर सावरला आणि नवरीच्या आईला शोभेल अशा आवाजात म्हटलं, "मल्लप्पा, वधूपक्षाची खोली बघायचीय."

"बघा की. तुमच्यासाठीच तर हाय ती."

कमरेचा जुडगा निघाला, कुलूप उघडलं. आत कोंडलेला गजऱ्यांचा वास होता. मोठा आरसा, त्यावर कुणा कुणा वधूंनी चिकटवून विसरलेल्या टिकल्या, फरशीवर केसांचे आकडे. मी दारातूनच मुलींना हाक मारली. त्या आल्या. धुळीचे बूट, घामेजलेल्या टोप्या, एकीच्या पायाला अजून पॅड.

मल्लप्पा गोंधळले. "ह्या गणेशच्या पोरी न्हवं?"

"त्याच. आमच्या करवल्या आहेत."

"समद्या?"

"सगळ्या."

त्यांनी पॅडवाल्या करवलीकडे जरा वेळ पाहिलं. "मोठं घरानं हाय तुमचं," ते आदराने म्हणाले. मग जुडग्यातून ती किल्ली सोडवून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. "आता ही तुमच्यापाशी. खोली वऱ्हाडाला उघडली की किल्ली नवरीच्या आईकडं. पाठवणी झाली की मला आणून द्यायची. तोवर मी मागत नसतो, रीत हाय."

मुली आत गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला, मग बोलण्याचा, मग आरशापुढच्या खिदळण्याचा. बाहेर आल्यावर लावण्या भिंतीशी गेली, फडकं सोडलं आणि बाटली तोंडाला लावली. ती थांबलीच नाही. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं आणि ती डोळे मिटून पीत होती. कदम साहेब पाठ फिरवून उभे राहिले. उन्हाने डोळ्यांत पाणी येतं, असं ते म्हणाले.

त्या रात्री त्यांनी काय लिहायचं याचा बराच विचार केला असावा. अहवालात त्यांनी अकादमी चालू ठेवावी अशी शिफारस केली, मुलींची खोली उघडी राहील या अटीवर, आणि पुढे स्वतःच्या अक्षरात घातलं, 'मुली पाणी पितात.' वरून विचारणा आली की ही बाब विहित नमुन्यात नाही. आयुष्यभर लाल दिव्याला थांबलेल्या त्या माणसाने उत्तर पाठवलं, 'नमुन्यात नाही, उन्हात आहे.' त्यावर पुन्हा काही आलं नाही. बहुधा ते कुठल्या कपाटात ठेवावं हे कुणाला ठरवता आलं नसेल.

मल्लप्पांना खरं कळल्यावर ते माझ्यावर रुसले. एक चांगलं लग्न हातचं गेलं, हे त्यांना लागलं होतं. मालक तर गाडी काढून आले आणि त्यांना वाटेल ते बोलले. पण मल्लप्पांनी किल्ली मागितली नाही, लग्नांना जोडीची दुसरी वापरली. नवरीच्या आईला दिलेली किल्ली पाठवणीआधी परत घेणं अशुभ. त्या कार्यालयात पुन्हा लग्न जमायचं नाही, असं त्यांनी मालकालाच ऐकवलं. हे ऐकल्यावर मालक आले तसे परत गेले. सरकारी पत्राला त्यांनी स्मरणपत्र येईपर्यंत वाट बघायला लावली असती. लग्नांना ते तसं करू शकत नव्हते.

पुढे लावण्याची आई मला बाजारात भेटली. "मॅडम, पोरगी चांगली खेळती म्हनतेत," ती म्हणाली, आणि लगेच तक्रार केली, "पन आमची तुळस वाळली बघा यंदा." मी तिला म्हटलं, तुळशीला तुम्ही घाला की पाणी. तिला ते पटलं.

काल रिक्षा तशीच पुढे कुंभारीच्या रस्त्याला घ्यायला लावली. ऊन उतरत होतं. कमानीखालून एक चिमुरडी धावत येत होती आणि तिच्या शेजारून, हात कसा वळवायचा ते ओरडून सांगत, लावण्या धावत होती. आता उन्हाळ्यात मुलींना तीच शिकवते. तिच्या गळ्यात एका दोरीला शिट्टी होती आणि शिट्टीसोबत, मी तेव्हाच तिच्याकडे सोपवलेली ती किल्ली. भिंतीजवळच्या बाटल्या मी मुद्दाम जाऊन पाहिल्या. रिकाम्या होत्या.

मल्लप्पा खुर्चीत बसले होते. थकलेत आता, पण मला बघून उठले. "बर्री ताई, बर्री," म्हणाले. ताक मागवलं. आणि दरवर्षी विचारतात तेच, गालात हसत विचारलं, "किल्ली कवा देताय? पाठवणी झाली न्हाय व्हय अजून?"

मी लॉनकडे पाहिलं. "नाही हो मल्लप्पा," मी म्हटलं. "आमच्या मुली अजून खेळतायत."